एका डोळ्यापुरती बाटली

४ मार्च

मामा,

नमस्कार. वाकून नाही, उभ्याउभ्याच. वाकले की तू "कंबर सांभाळ" म्हणतोस आणि नमस्कार राहूनच जातो.

फोन न करता पत्र का, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. फोनवर मी नुसतं "मामा" म्हणाले तरी तू विचारतोस, "काय बिघडलंय?" चष्मे विकणाऱ्या माणसाला इतके तिखट कान कशाला हवेत, कोण जाणे. पत्रात निदान मला आधी इकडचं तिकडचं बोलता येतं.

तर इकडचं. आई निवृत्त होऊन माझ्याकडे राहायला आली, पण तिची शाळा काही सुटलेली नाही. पक्की कवायतीची बाई. एवढ्याशा बाल्कनीत रोज सकाळी शिट्टीशिवाय कवायत चालते. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे रांगेत उभे असतात. मी चहा पिताना जरा पोक काढून बसले की मागून आवाज येतो, "पाठ." एवढंच. पुढचं मला कळतं.

आता तिकडचं. हे पोटात ठेव, कारण कुठे बोलणार नाही अशी सही मी कंपनीत केली आहे. आईलाही सांगितलेलं नाही. आमची कंपनी पापण्या लांब आणि दाट करणारं सीरम बाजारात आणते आहे. त्याआधी ते काही बायकांना वापरायला द्यायचं आणि काय होतं ते बघायचं, हे आमच्या खात्याचं काम. नियम असा, की प्रत्येकीने ते एकाच डोळ्याला लावायचं. दुसरा डोळा कोरा. म्हणजे शेवटी एकाच चेहऱ्यावर दोन्हीकडचं मोजून बघता येतं. बाटल्यांवर नुसते आकडे. कुठल्या बाटलीत नेमकं काय, ते मोठ्या साहेबांच्या कपाटातल्या बंद पाकिटात. आम्हालाही माहीत नाही. एक बाई सुरुवातीलाच गळाली, तिच्या जागी मॅडमनी मलाच घेतलं. माझा डावा डोळा.

आणि बाटल्यांचं मधूनमधून वजन होतं. कोणी जास्त लावतंय का, मैत्रिणीला देतंय का, ते वजनावरून कळतं. काल माझी बाटली काट्यावर ठेवली आणि मॅडमनी आपला चष्मा काढून, पुसून पुन्हा घातला. काटा चुकला असेल म्हणून दुसरा आणला. तो पण तेच म्हणाला. बाटली जितकी भरायला हवी त्याहून बरीच हलकी. मॅडम आवाज न चढवता म्हणाल्या, "दोन्ही डोळ्यांना लावतेस, की कोणाला देतेस?"

मामा, ही चाचणी नीट पार पडली तर मी कायम होणार. नाही तर करार संपला, जागा सोडायची आणि आईला घेऊन परत. ती इथे आत्ता कुठे रुळते आहे. म्हणून विचारते, रागावू नकोस. तू मागे आमच्याकडे दोन दिवस राहिलास, आईचा नवा चष्मा बसवून दिलास, तेव्हा बाथरूमच्या फळीवरची छोटी निळी बाटली तुझ्या हातून सांडली वगैरे नाही ना?

तुझी चिमणी

●

९ मार्च

चिमणे,

आशीर्वाद. मामीचेही, पण ती म्हणते तिचे वेगळे लिही.

तुझं पत्र दुकानात वाचलं. समोर एक गिऱ्हाईक बसलं होतं, जवळचं दिसत नाही म्हणत होतं, आणि माझ्या हातातलं पत्र उलट्या बाजूने वाचायचा प्रयत्न करत होतं. त्याला मी लांबचा नंबर दिला.

बाटलीचं म्हणशील तर मी ती पाहिली. दाढी करताना, मिशी कातरताना समोरच होती. सांडण्याचा प्रश्नच नाही. झाकण उत्तम आहे तिचं. फिरवून बंद केलं की शेवटी खट्ट असा आवाज येतो. असा आवाज येणारं झाकण गळत नाही, हे तू तुझ्या मॅडमना माझ्या नावाने सांग. उन्हाळा तोंडावर आहे, पातळ पदार्थ उडतात. माझं भिंग पुसायचं औषधसुद्धा या दिवसांत आपोआप कमी होतं आणि मी कोणावर संशय घेत नाही.

काळजी करू नकोस. मी फुटपाथवर एक सुटकेस उघडून धंदा सुरू केला तेव्हा लोक एकेक चष्मा चढवून वर्तमानपत्र वाचून बघायचे, आणि ज्यात वाचता येईल तो घेऊन जायचे. संध्याकाळी सुटकेस हलकी झालेली असायची आणि खिसा मात्र त्या मानाने जड झालेला नसायचा. तेव्हा मी एक शिकलो. माल कमी झाला की आधी ओरडू नये. गप्प बसून कान उघडे ठेवावेत. नेणारा स्वतःच काहीतरी बोलून जातो.

तुझ्या आईला सांग, नव्या चष्म्याची काही तक्रार असली तर बिनधास्त पाठवून दे.

मामा

●

२० मार्च

बाळ्या,

सोबत चष्मा पाठवत आहे. तूच बसवलेला. उजव्या काचेवर आतल्या बाजूने रोज बारीक रेघा उमटतात, हातपंखा उघडल्यासारख्या. डावी काच स्वच्छ. पुसून पुसून पदर झिजला. कसली काच लावलीस? सख्ख्या बहिणीला तरी चांगला माल द्यायचा. सध्या जुन्यावर भागवते आहे आणि सगळं जग धुक्यात आहे. लवकर पाठव.

इकडे ठीक. चिमणी कामावरून येते ती तोंड पाडून. विचारलं तर "काही नाही". काही नाही असलं की माणूस जेवतो, ही चिवडत बसते. आणि सकाळी नवीनच खूळ काढलंय. चहाच्या टेबलाशी माझ्यासमोर बसते, हातात एवढासा आरसा धरते आणि निळ्या बाटलीतल्या ब्रशने पापणीच्या मुळाशी रेघ ओढते. मी म्हटलं, पापण्यांनी काय जिने झाडायचे आहेत? तर म्हणाली, "कंपनीचं आहे, आई." आमच्या वेळी कंपनीचं कॅलेंडर मिळायचं.

बरं, करतेस तर कर. पण तेही एकाच बाजूला. जन्मभर मी पोरांना सांगत आले, जे या बाजूला ते त्या बाजूला. एक हात वर गेला की दुसरा गेलाच पाहिजे, नाही तर अंग वाकडं होतं. ही आपली इतके दिवस एकाच बाजूला अडकली आहे. पुढचा हुकूम द्यायला मास्तर विसरला असावा. परवा तर मी तिला तोंडावर म्हटलं, "दुसऱ्या बाजूचं कधी?" तिला वाटलं मी इस्त्रीबद्दल बोलतेय.

मामीला विचारलं म्हणून सांग.

ताई

●

२५ मार्च

ताई,

चष्मा परत पाठवतोय. काच उत्तम आहे, तुझ्यावर मी कधी हलका माल खपवलेला नाही. खपला नसता हेही तितकंच खरं. उजव्या बाजूचं नाकावर टेकणारं बटण जरा आत दबलं होतं, ते सरळ केलं. पण ते काही या रेघांचं कारण नव्हे.

कारण सांगू का? बस खाली. पाठ ताठ.

माझ्या दुकानात अशा रेघा घेऊन येणाऱ्या बायका असतात. सगळ्या हेच म्हणतात, काच खराब आहे. मी काच उजेडात धरतो आणि मुकाट्याने फ्रेम थोडी पुढे काढून देतो. पापणी वाढली की उघडझाप करताना ती काचेवर फिरते आणि पंखा काढते. ताई, तुझी उजवी पापणी वाढली आहे. साठी ओलांडल्यावर एकाच डोळ्याची पापणी आपणहून वाढल्याचं मी अजून ऐकलेलं नाही, आणि माझे कान कसे आहेत ते तुला माहीत आहे.

मी आधी बुचकळ्यात पडलो. चिमणी लावते डाव्याला, मग ताईचा उजवा कसा? मग मैदान आठवलं. तू पोरांच्या समोर तोंड करून उभी राहायचीस आणि "उजवा हात वर" म्हणताना स्वतःचा डावा उचलायचीस. पोरांना आरशात बघितल्यासारखं सोपं जावं म्हणून. कुंपणाला नाक लावून मी कितीदा पाहिलंय ते. इतक्या वर्षांत तुझ्या अंगात ते असं मुरलंय, की समोरच्याने डावा डोळा पुढे केला की तुझा उजवा आपोआप पुढे होतो.

घाबरू नकोस. चष्मेवाल्यासमोर माणूस डोळे फाडून बसतो, ते चष्मेवाला तोंड उघडत नाही म्हणून. फक्त एवढं सांग, मी चुकतोय का?

बाळ्या

●

३० मार्च

बाळ्या,

चष्मा पोचला. आता रेघा येत नाहीत. तुला सांगितलं होतं काच पुसून दे, गोष्ट लिहून नको. म्हातारपणी बहिणीची चेष्टा सुचते आहे, तर धंदा बरा चाललेला दिसतो. मी असल्या गोष्टींना हात लावत नाही. विषय संपला.

ताई

ता. क. तुझं चिमणीशी बोलणं होतं. दुसरी बाजू कधी सुरू करायची असते, ते तिला सहज म्हणून विचार. माझं नाव घेऊ नकोस.

●

११ एप्रिल

मामा,

आज इकडचं तिकडचं काही नाही.

दुसरं वजन झालं. बाटली आणखी हलकी. पहिल्यासारखी एकदम नाही, पण रोज कोणीतरी माझ्यासोबत लावत असावं इतकी. मॅडमनी दार लावून घेतलं. म्हणाल्या, आमच्यासारखंच काहीतरी आणणारी दुसरी एक कंपनी आहे, आणि त्यांना आमचं सीरम थेंबथेंब मिळत असेल तर ते कुठून मिळत असेल, असा मोठ्या साहेबांचा प्रश्न आहे. येत्या शुक्रवारी मला त्यांच्यासमोर उभं राहायचं आहे.

मी काय सांगू? उडालं? तुझं झाकणाचं सांगून पाहिलं, तर मॅडम म्हणाल्या, "तुझ्या मामांनाही घेऊन ये." घरात मी आणि आई. बाहेरचं कोणी येत नाही. आणि आईला तर त्या बाटलीचा तिटकारा आहे. मी ब्रश काढला की ती समोर बसून डोळे बारीक करून असं बघते, की मी आधी पाठ ताठ करते. दोनदा रेघ चुकली.

गंमत म्हणजे सीरम चांगलं आहे, मामा. आरशात बघते तर डावी पापणी खरंच लांब दिसते. डबा आणून देणारा माणूस म्हणाला, "ताई, एका डोळ्याने हसताय काय?" इतकं काम करणारी वस्तू, आणि तिच्यापायीच मी बाहेर जाणार.

शुक्रवारच्या आधी आपणच राजीनामा द्यावा असं ठरवते आहे. हाकललं जाण्यापेक्षा ते बरं. आईला यातलं काही सांगू नकोस. नोकरी बदलतेय एवढंच सांगेन. तिने बाल्कनीत नुकत्याच दोन कुंड्या आणल्या आहेत.

चिमणी

●

१३ एप्रिल, कुरियरने

ताई,

फोन हातात घेऊन तीनदा खाली ठेवला. फोनवर तू "काहीतरीच काय" म्हणून बंद केला असतास. पत्र बंद करता येत नाही, डोळ्यांसमोर राहतं.

चिमणीने तुला सांगू नको म्हटलंय, म्हणून सांगतोय. ती निळी बाटली हौसेची नाही. ती तिचं काम आहे. कंपनी तपासून बघते आहे, म्हणून ती एकाच डोळ्याला लावते. दुसरी बाजू कधीच येणार नव्हती. बाटलीचं वजन होतं आणि ते कमी भरतंय. साहेबांना वाटतं पोरगी माल बाहेर विकते. शुक्रवारी तिला उभं करणार आहेत, आणि ती त्याआधीच राजीनामा देऊन मोकळी होईल, कारण आपल्या घरात कोण बाटलीला हात लावतं हे तिच्या स्वप्नातही येत नाही. तिला वाटतं तू त्या बाटलीचा राग करतेस.

पुढे काय करायचं ते मी सांगत नाही. लहान भावाने सांगितलेलं तू कधी ऐकलेलं नाहीस. फक्त तिला घरी, चहाच्या टेबलाशी सांगितलंस तरी पुरे. बाहेर वाच्यता व्हायचं कारण नाही.

आणि ताई, सांगताना फार हिशेबात शिरू नकोस. किती गेलं, केव्हा गेलं, ते उकरण्यात अर्थ नाही.

बाळ्या

●

१९ एप्रिल

बाळ्या,

घरी सांगायचं म्हणे. मैदानावर पोराने दगड मारला तर मी त्याला मैदानावरच पुढे बोलवायची, घरी जाऊन नाही.

शुक्रवारी चिमणी निघाली, आणि तिच्या मागच्या बसने मी. पांढरी साडी, पांढरे बूट. पहारेकऱ्याने विचारलं, कोणाला भेटायचं? मी म्हटलं, बाटलीबद्दल आले आहे. त्याला काय वाटलं कोण जाणे, मला थेट वर नेलं. काचेची खोली, लांब टेबल. पलीकडे मोठे साहेब आणि मॅडम, अलीकडे आपली पोर, पोक काढून उभी. हातात घडी केलेला कागद. मी दारातूनच म्हटलं, "पाठ." ती ताठ झाली आणि मग वळून बघितलं.

मी फार बोलले नाही. म्हटलं, मी हिची आई, ही जे रोज लावते ते मीही रोज लावते, तिला न सांगता. साहेबांनी मॅडमकडे बघितलं. मॅडम शहाणी बाई. तिने खुर्ची दिली नाही, आधी विचारलं, "कुठल्या डोळ्याला?" मी म्हटलं, उजव्या. ती म्हणाली, "हिचा तर डावा आहे." मग मला तिथे उभ्याउभ्या हात वरखाली करून दाखवावं लागलं, समोरच्याचा डावा म्हणजे आपला उजवा कसा होतो ते. साहेबांचा हातही टेबलाखालून वर आला होता, मी पाहिलं.

मग मॅडमनी विचारलं, "तुम्हाला हे कशासाठी हवं होतं?"

बाळ्या, याचं उत्तर मी बसमध्ये तयार केलं नव्हतं. जे तोंडात आलं ते बोलले. म्हटलं, एवढी वर्षं मी डोळे फिरवले की अख्खं मैदान गप्प व्हायचं. आता मी लिफ्टमध्ये शिरले तरी कोणी मोबाइलमधून मान वर करत नाही. पोरगी समोर बसून डोळ्याला काहीतरी करत होती. वाटलं, बघू. मग वाटलं फरक पडतोय. वाण्याकडचा माणूस परवा म्हणाला, आज काहीतरी वेगळ्या दिसताय. इतकंच.

चिमणीने हातातला कागद फाडला आणि तुकडे माझ्या पिशवीत टाकले. रडली नाही. उभ्याने रडायला मी तिला शिकवलेलं नाही.

आता तुझं. मॅडमनी काटा, कागद, सगळं समोर मांडलं. म्हणाल्या, रोज एक रेघ धरली तर दुसऱ्या वेळचं बरोबर जुळतं. पण पहिल्या वेळी जे एकदम गेलं ते रेघेरेघेने जाण्यातलं नाही, ते कोणीतरी ओतून घेतलंय. मी आठवून पाहिलं. त्या आठवड्यात घरात तू होतास. बाथरूममध्ये दाढीला इतका वेळ, की मला वाटलं घसरून पडलास. आणि खिशात तुझी ती भिंग पुसायच्या औषधाची चपटी बाटली, जी येताना रिकामी होती आणि जाताना तू सांभाळून ठेवत होतास.

मी साहेबांना सांगितलं, पहिल्याच दिवशी माझ्या हातून सांडली. जन्मात पहिल्यांदा खोटं बोलले, तेही ताठ उभी राहून. त्यांनी लिहून घेतलं आणि चिमणीवरचं बालंट गेलं. मॅडम नुसती माझ्याकडे बघून हसली. तिला पटलं नसावं.

हिशेबात शिरू नकोस म्हणालास. नाही शिरत. मिशी कशी आहे?

ताई

●

२ जून

मामा,

मी कायम झाले. पत्र कालच हातात आलं. आईने ते डब्यांच्या रांगेत उभं करून ठेवलंय, दोन नंबरच्या डब्याच्या उंचीचं आहे म्हणून.

आता नीट बस आणि नंतर वाच.

चाचणी संपली आणि साहेबांनी कपाटातलं पाकीट सगळ्यांसमोर फोडलं. निम्म्या बाटल्यांत सीरम होतं. निम्म्या बाटल्यांत काहीच नव्हतं. म्हणजे होतं, पण पापणीला खाऊपिऊ घालणारं काही नाही, नुसता तेलकट पातळ द्रव. तुलना करायला अशा बाटल्या मुद्दाम देतात. माझ्या बाटलीचा आकडा दुसऱ्या यादीत निघाला.

मॅडमनी माझ्या दोन्ही पापण्या मोजल्या. सारख्या. मग आईला बोलावून तिच्याही मोजल्या. सारख्या. तेलाने केस चकाकतात आणि चकाकले की दाट दिसतात, एवढंच. दोन महिने मी आरशात जे बघत होते ते तिथे नव्हतं. वाण्याकडच्या माणसाने काय पाहिलं ते त्यालाच ठाऊक. मॅडम म्हणतात, बाई ताठ मानेने दुकानात शिरली असेल.

आणि तू, काच उजेडात धरणारा. पापणी वाढली म्हणून रेघा आल्या म्हणे. आईने तुझं पत्र मला दाखवलं. त्यातच लिहिलं आहेस, उजवं बटण आत दबलं होतं. तूच बसवलेलं. काच डोळ्याला टेकत होती आणि पापणीला तेल होतं. बटण सरळ केल्यावर रेघा गेल्या, पापणी मात्र होती तेवढीच. चोर तू बरोबर पकडलास, पण पुरावा तुझ्या स्वतःच्या दुकानातला होता.

दुसऱ्या चोराबद्दलही थोडं. मार्चमधलं तुझं पत्र मी काल पुन्हा वाचलं. बाटली बंद करताना शेवटी खट्ट असा आवाज येतो, असं तू लिहिलंस. मामा, तो आवाज फार हळू येतो. ती उघडून पुन्हा बंद करणाऱ्यालाच ऐकू येतो, आणि तोही कान तिखट असला तर.

आई ठीक आहे. पाकिटाचं ऐकून संध्याकाळभर डबे पुसत बसली. मला वाटलं दुखावली. आज सकाळी चहाला समोर बसली, माझ्या हातातली निळी बाटली मागून घेतली आणि शांतपणे डाव्या डोळ्याला लावली. मी म्हटलं, आई, यात काही नाही. ती म्हणाली, "माहीत आहे. अर्धी कवायत सोडायची नसते."

उरलेल्या तसल्या बाटल्या कंपनी टाकून देणार होती. मॅडमनी विचारलं, तुझ्या आईंना हव्यात का.

तर आता खरं सांग. कशाला लावलंस, आणि काय झालं?

चिमणी

●

८ जून

चिमणे,

अभिनंदन. दुकानात सगळ्यांना सांगितलं. गिऱ्हाइकं विचारतात भाची काय करते, मी सांगतो डोळ्यांचंच बघते, आमच्या घरात सगळे तेच करतात.

तुझ्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही असं ठरवून बसलो होतो. तुझ्या आईने तुला सगळं सांगितलंच असणार, तेव्हा लपवण्यात हशील नाही. मिशीला लावलं. डाव्या बाजूला जरा विरळ झाली होती, ती कोणाला दिसत नाही असं मी धरून चाललो होतो. तुझी बाटली दिसली आणि मोह झाला. नियम मला ठाऊक नव्हता, तरी लावलं मात्र एकाच बाजूला. उजवी आधीच चांगली होती, तिला कशाला त्रास.

चार-पाच आठवड्यांनी मामी सकाळी चहा देताना थांबली. माझ्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत तिने मी घातलेला चष्मा कुठला हेसुद्धा कधी पाहिलेलं नाही. मग म्हणाली, "डावी बाजू दाट झालीय हो तुमची." आणि बोटाने दाखवली. त्या दिवसापासून रोज सकाळी एकदा बघते. तुझं पत्र येईपर्यंत मीही आरशात रोज बघत होतो, आणि खरं सांगतो, दाट होती. पत्र वाचून पुन्हा आरशासमोर गेलो. अजूनही दाटच आहे. पाकीट फोडल्याचं मिशीला कोणी कळवलेलं दिसत नाही.

मामीला मी काही सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस. तुझ्या आईलाही बजाव. तिने माझ्यासाठी साहेबांसमोर खोटं बोलून ठेवलंय, आता इथे खरं बोलून ते वाया घालवू नये म्हणावं. तिच्या चष्म्याचं डावं बटण मात्र मी स्वतः येऊन बघतो. आता त्या काचेवर पंखा निघेल, आणि मागचं बटण कोणी दाबलं होतं हे आता सगळ्यांना कळलंय.

येईन तेव्हा त्या उरलेल्या बाटल्यांतल्या दोन बाजूला काढून ठेव. आणि बघून दे बरं का. चुकून त्या सीरमवाल्या देशील. मला आपली तीच हवी.

मामा